बाबांचा आवाज सिनेमात गेला त्याची गोष्ट

आमच्या घरात कोणालाही आपलं वाक्य स्वतःहून बोलायची मुभा नव्हती. आई भात वाढून हातात पळी घेऊन उभी राहिली, की बाबा खालच्या आवाजात म्हणायचे, "वरण देऊ का?" हे त्यांचं विचारणं नव्हे. आईने आता काय विचारायला पाहिजे, ते ते सुचवत असत. आईही कमी नव्हती. ती "वरण सरलं" म्हणायची आणि पातेलं आपल्याकडे ओढून घ्यायची. पाहुणे दारात आले की त्यांनी चप्पल काढायच्या आत बाबांच्या तोंडून निघे, "पाणी घ्या, बसा, रस्त्यानं त्रास त नाई झाला?" आणि पाहुण्यांचं उत्तरही लागलीच, "नाई, बसची जागा भेटली." कित्येक पाहुणे उभ्याने आले असूनही गोंधळून "हाव, भेटली" म्हणत. बाबांना त्यात काही वावगं वाटत नसे. समोरचा माणूस क्षणभर थांबला, की त्याला शब्द द्यायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की मयतीच्या घरीसुद्धा ते रडणाऱ्या बायांना पुढचं वाक्य पुरवत. असं लोक सांगत. मी स्वतः एकदाच पाहिलं, आणि त्या बाईने ते मुकाट्याने घेतलंही.

बाबा नाटकाचे प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीत धान घरी आलं, की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपटात बैलजोड्या पळतात, आणि त्या निमित्ताने नाटक लागतं. ज्या गावात नाटक, त्या गावातलं एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही. लेकी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात. कंपनी आज सिंदेवाहीच्या बाजूला, तर उद्या पार गडचिरोलीकडे. नटांना पाठांतराला वेळच नसतो. म्हणून स्टेजच्या पुढे खड्डा खणायचा, त्यात प्रॉम्प्टर बसवायचा, आणि त्याने अख्खं नाटक एक वाक्य पुढे राहून वाचायचं. नट ऐकतो आणि बोलतो. लोकांना नट दिसतो. बाबांचा तो आवाज मोठा अजब होता. कुजबुज म्हणावी तर स्टेजच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचायचा, आणि बोलणं म्हणावं तर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जायचा नाही. घरी मात्र तोच आवाज दिवसभर चालू असे, कारण नवीन नाटक आलं की बाबा ओसरीवर बसून सगळ्यांचे संवाद वाचून काढत. आई मोहफुलं वाळवत राजाला शाप द्यायची आणि मी लाखोरीची डाळ निवडत राणीसारखी हंबरडा फोडायची. असं करत करत नाटकं मला पाठ झाली होती, बाबांना न विचारता.

आणि मला नाटकात जायचं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी झाले होते, आणि विषय निघाला की बाबा एकच सांगत, "खड्ड्यातून सारं दिसते पोरी. पायातले घुंगरू दिसते, अन् पायाले पडलेले फोडही दिसते. आपल्या घरातून कोनी वर जानार नाई." बाबांना नाटकाचा राग नव्हता, भीती होती. नाटकातल्या बाईला गाव डोक्यावर घेतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबद्दल काय बोलतं, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. तरी एक गोष्ट ते फार आवडीने सांगत. तरुणपणी एका नाटकात एक वयस्क नटी आईचं काम करत होती. मुलगा घर सोडून निघतो, असा प्रवेश. ती बोलायला लागली आणि बाबा तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. वाचायचंच विसरले. पान तसंच हातात. मालकाने नंतर त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "साऱ्या जिंदगीत एकच खेप," बाबा म्हणत, "एकच खेप मी वाचाचं भुललो." हे सांगताना त्यांना लाज वाटायला हवी होती, पण ते खूशच दिसत.

त्या वर्षी होळीच्या सुमारास माझी आत्या भद्रावतीहून स्थळ घेऊन आली. आत्या बाबांची थोरली बहीण. बाबा साऱ्या जगाला शब्द पुरवत, पण आत्यापुढे त्यांचीच वाचा बसत असे. मुलगा तिथल्या कॉलनीत राहणारा, पक्क्या नोकरीचा, स्वभावाने गरीब. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्यात एकच खोट होती, तो फार कमी बोलायचा. "मंग आपल्या घरी त सुखी राहीन," आई म्हणाली. मुलाकडच्यांची अट एवढीच, की पोरीला नाटकाबिटकाचं वेड नको. बाप नाटकात आहे तेवढं पुरे. आत्याने बाबांना मोहाचा हंगाम सरेपर्यंत मुदत दिली आणि तोवर मुक्काम आमच्याकडेच ठोकला. मी रुसले, एक दिवस जेवले नाही. दुसऱ्या दिवशी आईने झिंग्याची चटणी केली आणि माझा उपास मोडला. पण आतून माझा जीव अगदी टांगणीला लागला होता.

अशा वेळी रशीदभाईंचा सिनेमा आमच्या अंगणात आला.

रशीदभाईंचा सिंदेवाहीला फोटो स्टुडिओ होता. खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आमच्या बाजूला पहिल्यांदा त्यांनीच आणला आणि पंचक्रोशीतली सगळी लग्नं त्यांनीच टेपीत उतरवली. हौशी माणूस. लग्नाच्या वरातीत नवरदेवापेक्षा ते जास्त घामाघूम व्हायचे. बाबांच्या कंपनीत राजाचं काम करणारे मारोतराव त्यांचे जिगरी दोस्त. दोघांनी मिळून ठरवलं, की आपल्या झाडीचा स्वतःचा सिनेमा काढायचा. गोष्ट मारोतरावांनी लिहिली. एक नाटक कंपनी वाट चुकून भलत्याच गावी पोचते. त्या गावात एका पोरीचं लग्न असतं आणि नवरदेवाचं वऱ्हाड काही आलेलं नसतं. गावकरी कंपनीलाच वऱ्हाड समजतात, मुकुट घातलेल्या राजाला नवरदेव समजून पाटावर बसवतात, आणि जेवण इतकं चांगलं असतं, की कंपनीतल्या कोणालाच खरं सांगायचा धीर होत नाही. नाव ठेवलं 'राजा आला भलत्याच गावा'. राजा अर्थातच मारोतराव.

नवरीचं काम करायला नागपूरची नटी येणार होती. ती आली नाही. हंगामभर जागून तिचा घसाच बसला, असा निरोप आला. मारोतराव डोक्याला हात लावून आमच्या ओसरीवर बसले. मग त्यांनी मान वर केली आणि डाळ निवडणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. "देवाजी," ते बाबांना म्हणाले, "तुया पोरीले सारे बोल पाठ आहे." बाबा म्हणाले, "पाठ असू दे. जमत नाई." तेव्हा रशीदभाई मध्ये पडले. "देवाजीभाऊ, हे काही नाटक थोडीच आहे? स्टेज नाई, पब्लिक नाई. तुमच्याच अंगणात, तुमच्याच डोळ्यासमोर. लग्नाची शूटिंग समजा ना तुम्ही!" लग्न हा शब्द ऐकला आणि आतून आत्या बाहेर आली. नवरीचं काम आहे, अंगावर शालू असणार, डोईवर पदर असणार, हे तिने नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "करू दे देवा. टेप मी भद्रावतीले घेऊन जातो. पोरगी नवरी म्हणून कशी दिसते, ते त्या लोकाईले घरी बसल्या दिसन." बाबा काहीतरी बोलायला गेले, पण आत्यापुढे त्यांना वाक्य सुचलं नाही. अशा रीतीने माझं लग्न जमवण्यासाठी मला सिनेमात घेतलं गेलं.

मोहाचे दिवस होते. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात फुलं वेचायला जायचं, त्यामुळे ऊन चढून माणसं परत येईपर्यंत सिनेमाला गर्दी मिळत नसे. मग सगळे घाईघाईने आंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून आमच्या अंगणात जमत. सारं गावच वऱ्हाडी झालं होतं. मोहाच्या वासाने अंगण भरलेलं, आणि त्यात आईच्या चुलीवर खरंखुरं लग्नाचं जेवण रटरटत असे, कारण पंगत खोटी दाखवणं रशीदभाईंना मंजूर नव्हतं. वांग्याची सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेली भाजी, भात, कढी, लाखोरीच्या डाळीचे वडे. रशीदभाईंची जन्माची सवय अशी, की जेवणारा माणूस दिसला की कॅमेरा त्याच्याकडे आपोआप वळे. पंगत पुन्हा पुन्हा घ्यावी लागली. पहिल्या दिवशी गावकऱ्यांनी मनापासून काम केलं, तिसऱ्या वेळी पानावर बसवलं तेव्हा एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "रशीदभाऊ, आता मेलो तरी चालन, पन वडा देऊ नका." हे वाक्य सिनेमात आहे. गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही.

मारोतरावांचा प्रश्न वेगळा होता. ते आयुष्यभर हजारो माणसांपुढे गरजले होते. कॅमेरा हातभर अंतरावर, आणि ते आवाज लावायचे असा, की आंब्यावरची पाखरं उडायची. "मारोतभाऊ, हळू बोला ना, कॅमेरा इथीच आहे," रशीदभाई विनवत. "मांगच्या मान्साले ऐकू गेलं पायजे," मारोतराव म्हणत. "मांगं कोनी नाई! मांगं देवाजीभाऊची म्हैस बांधली आहे फक्त." मारोतरावांनी वळून म्हशीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मंग तिले ऐकू गेलं पायजे." त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेलं गाव टाळ्या वाजवायचं, कोणीतरी "वन्स मोअर" ओरडायचं, आणि मारोतराव मुजरा करून तोच प्रवेश पुन्हा करायचे. रशीदभाई "कट, कट" करत कपाळ बडवून घ्यायचे. हे काय म्हणून राह्यले, असं एका गावकऱ्याने विचारल्यावर मारोतराव म्हणाले, "काई नाई, हौशी मानूस आहे."

आणि अर्थातच, प्रॉम्प्टरवाचून त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून शब्द निघेना. अंगणात खड्डा कुठला आणायचा? मारोतरावांचं म्हणणं, प्रॉम्प्टर समोर पाहिजे, खाली पाहिजे, म्हणजे नजर जागेवर राहते. समोर तर कॅमेरा. तेव्हा सगळ्यांच्या सोयीने बाबांना कॅमेऱ्याच्या तिकाटण्याखाली, तीन पायांच्या मधोमध बसवलं. डोक्यावर पळसाच्या पानांची छत्री, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर कागद. बाबांना ती जागा फार पसंत पडली. "अगदी खड्ड्यावानी वाटते," ते म्हणाले. कॅमेऱ्याचा माईक त्यांच्या टाळूच्या बरोबर वर होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ एकाच्याही डोक्यात शिरला नाही. रशीदभाईंच्या तर शिरणंच शक्य नव्हतं. लग्नाच्या टेपीतला आवाज ते नेहमी पुसून टाकत आणि त्यावर गाणी भरत. कॅमेऱ्याला कान असतात, याची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

माझा मोठा प्रवेश शेवटच्या दिवशी होता. खरी हकीकत उघडी पडते, राजा मुकुट काढून माफी मागतो, आणि नवरी आपल्या बापाला सांगते, की मला राजा नको, दुसरा नवरदेवही नको, मला या कंपनीबरोबर जाऊ द्या. बापाचं काम करणारा आमचा तबलजी त्या दिवशी मेव्हण्याच्या साखरपुड्याला निघून गेला होता. रशीदभाई म्हणाले, "हरकत नाई, पोरीचा एकटीचाच घेतो. सुली, तू कॅमेऱ्याच्या जरा खाली पाय. तिथी तुया बाप बसलाच आहे." मी पाहिलं. तीन पायांच्या मध्ये, पळसाच्या सावलीत, कागदावर नाक टेकवून बाबा बसले होते. मारोतरावांनी लिहिलेले शब्द भारी होते, 'तात, आपल्या या अभागी कन्येस' असे. सुरुवात मी बाबांच्या मागून तशीच केली. मग काय झालं, मला नीट सांगता येणार नाही. बापाला सांगायचं ते सांगायला मला इतकी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार होती? माझ्या तोंडून तात गेला आणि बाबा आले. "बाबा, मले जाऊ द्या ना. मी काई वाईट करून नाई राह्यली. तुमी ज्याईले शब्द देता, त्याईच्यातच मले उभं राहाचं आहे. लोक बोलतीन त बोलतीन. तुमी खाली बसून असान, मंग मले भेव कायचं?" असं बरंच बोलले. कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की खालून काही येत नाही, आणि तरी मी बोलतेच आहे. रशीदभाईंनी कट म्हटलं तेव्हा आई दारात चुलीचा धूर पुसत उभी होती. बाबा कागद चाळत पुटपुटले, "वाऱ्यानं पान उडालं. जागाच सापडली नाई." वारा पळसाचं पान हलवण्याइतकाही नव्हता. पण ते उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले, आणि त्या विषयावर पुढे घरात कोणी बोललं नाही. मी समजले, झालं. नुसतंच बोलून मोकळी झाले, हाती काही लागलं नाही.

टेप तयार झाली आणि एका दुपारी आमच्या बुद्धविहारात सिनेमा लागला. खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, गुरुजींचा टीव्ही टेबलावर टेबल ठेवून उंच केला, बाया एकीकडे, माणसं एकीकडे, पोरं टीव्हीच्या नाकाशी. आत्या सगळ्यांत पुढे खुर्चीवर. मारोतराव धुतलेल्या सदऱ्यात, केसांना तेल लावून. सुरुवातीला रशीदभाईंनी सगळ्या नटांची तोंडं दाखवली. एकेक जण हात जोडून नमस्कार करतो आणि त्याच्याभोवती गुलाबाची चौकट फुलते. गावचा गुंड झालेला माणूस बदामाच्या आकारात मिशीला पीळ देत आला, तेव्हाच निम्मा हॉल लोळला. रशीदभाईंकडे तेवढ्याच चौकटी होत्या, त्यांचा काय इलाज? मग गोष्ट सुरू झाली. मारोतराव तलवार घेऊन अंगणाच्या पार टोकाशी येतात, छाती काढतात, तोंड उघडतात, आणि त्याच्या आधीच टीव्हीतून माझ्या बाबांचा आवाज, स्वच्छ, खणखणीत, "थांबा! हे नगर कोणाचे?" त्यानंतर लांबून, विहिरीतून आल्यासारखे मारोतराव, "थांबा! हे नगर कोणाचे?"

पुढचं वाक्य. आधी बाबा, मग मारोतराव. त्याच्या पुढचं, तसंच. आणि मग जे हसू फुटलं, तसं हसू मी पुन्हा कुठे ऐकलं नाही. बाया पदर तोंडात कोंबत होत्या. रशीदभाई उभे राहून शपथा घेत होते, "मले काय माहीत! लग्नात आवाज ठेवतच नाई ना मी!" मारोतरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाबा खांबामागे गेले. चाळीस गावांना ठाऊक नसलेला तो आवाज आता सगळ्या गावापुढे उघडा पडला होता, आणि शिवाय त्यात नुसते संवाद नव्हते. "डाव्या अंगाले जा, मारोत्या. डाव्या. अरे, ते उजवं आहे." "सुलीची माय, पानी धाडजो." "बाप्पा, काय तपून राह्यलं." सगळं टेपीत. पण थोड्या वेळाने हसण्याची तऱ्हाच बदलली. लोक बाबांच्या वाक्याची वाट पाहू लागले. आधी बाबा बोलत, मग मारोतराव, मग तिसऱ्यांदा अख्खा हॉल एका सुरात तेच वाक्य बोले. कोणीतरी ओरडलं, "देवाजीभाऊ, वन्स मोअर!" मारोतरावही शेवटी हसायला लागले, त्यांनी खांबामागून बाबांना ओढून आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. बाबा खाली मान घालून बसले होते, पण त्यांचे ओठ टीव्हीच्या एक वाक्य पुढे हलत होते.

मग मी आले. शालू, डोईवर पदर. आत्याने आजूबाजूच्या बायांकडे ऐटीत पाहिलं. बाबांचा आवाज, "तात, आपल्या या अभागी कन्येस". मग माझा. हॉल, तिसऱ्यांदा. बाबा, मी, हॉल. आणि एकदम बाबांचा आवाज बंद. टीव्हीत मी एकटीच. "बाबा, मले जाऊ द्या ना." लोकांनी तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. कोणीतरी हळूच विचारलं, "प्रॉम्प्टर कुठी गेला?" त्याला बायांनी चूप केलं. मी बोलत होते आणि हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता, पोरं टीव्हीच्या नाकाशी गप्प, आईच्या डोळ्याला धारा. माझं मलाच पाहवेना. मी घोंगडीच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहत बसले. माझं बोलणं संपलं. पडद्यावर मी खाली पाहत उभी. आणि तेवढ्यात माईकच्या अगदी जवळून, साऱ्या सिनेमात सगळ्यांत मोठा असा आवाज आला. कोणीतरी दुपट्ट्यात दाबून नाक शिंकरलं होतं. मागोमाग एक हुंदका, आणि पुन्हा नाक.

एकेक करत सगळ्या माना वळल्या. बाबा मारोतरावांच्या शेजारी बसले होते, खांद्यावर तोच दुपट्टा होता. "वाऱ्यानं पान उडालं म्हने!" आई बायांच्या बाजूने मोठ्याने म्हणाली, आणि विहाराचं छप्पर उडेल इतकं लोक हसले. मी मात्र हसले नाही. मला ती जुनी नटी आठवत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या त्या पडद्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, गर्दीतून फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "दुसरी खेप."

ती टेप पुढे बुरशीने खाल्ली. रशीदभाईंच्या मुलाने वाचली तेवढी उतरवून मला पेन ड्राइव्हवर दिली आहे. पंगत सगळी वाचली, वडा नको म्हणणारा म्हातारा वाचला, आणि बाबांच्या नाकाचा आवाज वाचला. माझी नातवंडं तेवढंच पुन्हा पुन्हा लावतात. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो असा नाही, ज्यात ते माझ्या मनातल्या बाबांसारखे दिसतात. पण तो आवाज लागला, की ते खोलीत येऊन बसतात.

त्या दिवशी सिनेमा पाहून घरी आल्यावर आईने चहा टाकला. आत्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. हसून हसून तिची बरगडी दुखत होती, पण ती आलेलं काम विसरणाऱ्यातली नव्हती. कपबशी खाली ठेवून म्हणाली, "चाल, हसनं झालं. देवा, मोहाचा हंगाम सरला. भद्रावतीच्या लोकाईले काय सांगू? पोरगी काय म्हनते?" आई चहाचं गाळणं हातात धरून थांबली. मी उंबऱ्यात उभी होते. आम्ही तिघीही सवयीने बाबांकडे पाहिलं, कारण आमच्या घरात अशा वेळी पुढचं वाक्य बाबांकडून येत असे. बाबांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं, आणि बोलले नाहीत. आत्या म्हणाली, "अरे, बोल ना! साऱ्या दुनियेले बोल पुरवतोस, अन् आता काऊन चूप?" बाबांनी दुसरा घोट घेतला. एवढी लांब शांतता आमच्या ओसरीने कधी पाहिली नव्हती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ते वाक्य माझं आहे.

"आत्या," मी म्हटलं, "त्याईले सांगजो, पोरगी नाटकात जाते. त्याईले तशी चालत असन, त पाहाले या म्हना. दिवाळीनंतर, तिकीट काढून."

आत्या बाबांवर उखडली. "हे तूच शिकोलं इले! तूच हळूच सांगितलं असशीन, मले माहीत नाई का तुया आवाज?"

बाबांनी बशी खाली ठेवली. साऱ्या जन्मात त्यांच्या तोंडावर एवढं समाधान मी पाहिलं नव्हतं.

"मी कुठी बोललो, बाई?" ते म्हणाले. "मी त चूप होतो. टेप लावून पाय."